बरगडीचं दुखणं अंगावर काढू नका

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी... बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या घरांना एकतर कुलूप लागतं, नाहीतर दारात म्हातारी माणसं तेवढी उरतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेते आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जाते. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये नाहीतर बैलगाडीत भरायच्या.

अशा एखाद्या फडावरची एक बाई डोळ्यांसमोर आणा. वय चाळिशीचं. पहाटेच्या दवानं ट्रकला लावलेली फळी ओली झालेली आहे. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून वर चढते. पाय घसरतो आणि ती फळीच्या कडेवर डाव्या कुशीवर आपटते. बायका धावतात, पाणी देतात. ती म्हणते, "काही नाही, जरा चमक भरली." रात्री कोपीत नवरा तेल चोळून देतो आणि जुन्या लुगड्याचा पट्टा छातीभोवती करकचून बांधतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा फडात उभी असते, कारण न जावं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. सहाव्या दिवशी अंगात ताप भरतो, खोकला येतो, दोन पावलं चाललं की दम लागतो. मग कुठे दवाखान्याची वाट धरली जाते. तिथे ती पहिला प्रश्न विचारते, "डॉक्टर, हाड मोडलंय का नाही, तेवढं सांगा."

आज मला तुमच्याशी या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, "ताई, श्वास पुरता घेता येतो का?" बरगडीच्या दुखण्यात हाडापेक्षा श्वास महत्त्वाचा असतो, आणि बरगडीपेक्षा बरगडीच्या आत काय आहे ते महत्त्वाचं असतं. आजच्या बोलण्यातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

बरगड्यांचा पिंजरा

आपल्या छातीत बरगड्यांच्या बारा जोड्या असतात, म्हणजे एकूण २४ बरगड्या. बाईला एक कमी किंवा पुरुषाला एक जास्त, असं काही नसतं. सगळ्या मागे पाठीच्या मणक्यांना जोडलेल्या असतात. वरच्या सात जोड्या पुढे छातीच्या मधल्या हाडाला मऊ कूर्चेनं जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी जोडी थेट त्या हाडापर्यंत पोचत नाही. ती आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळते. शेवटच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, मोकळ्याच राहतात. कमरेच्या वर हात दाबून पाहिलं तर त्यांची टोकं लागतात. काही लोक ती गाठ समजून घाबरतात. ती गाठ नसते.

हा पिंजरा घट्ट नाही, हलणारा आहे. बादलीची कडी उचलावी तशा बरगड्या प्रत्येक श्वासाला बाहेर आणि वर उचलल्या जातात आणि पुन्हा खाली येतात. स्वस्थ बसलेलं मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतं. दिवसभराचा हिशेब केला तर हा आकडा २० हजारांच्या आसपास जातो. हात मोडला तर प्लास्टर घालून तो गळ्यात अडकवता येतो, पाय मोडला तर खाटेवर पडून राहता येतं. बरगडीला सुट्टी नाही. ती मोडली तरी तिला हलावंच लागतं, आणि म्हणून एवढीशी चीर पडली तरी माणूस कळवळतो. शिंक आली, खोकला आला, हसू आलं, कूस बदलली की चमक निघते.

या पिंजऱ्याच्या आत फुफ्फुसं आणि हृदय असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खालच्या बरगड्यांच्या आड पोटातलेही अवयव असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. उजवीकडे यकृत आणि पित्ताशय, डावीकडे प्लीहा, जिला आपल्याकडची जुनी माणसं पानथरी म्हणतात, आणि मागच्या बाजूला दोन मूत्रपिंडं. बरगडी दुखते असं आपण म्हणतो तेव्हा ती बरगडीच दुखत असेल असं नाही. कधीकधी आतला अवयव दुखत असतो.

मार लागल्यावर

आधी मार लागल्यावरचं दुखणं पाहू. मोटारसायकलवरून पडणं, बैलानं शिंग मारणं, ट्रॉलीवरून खाली येणं, न्हाणीघरात घसरून टमरेलावर आपटणं, आपल्याकडे कारणांना तोटा नाही. मार लागल्यावर नुसता मुका मार असेल, बरगडीला चीर गेली असेल, किंवा ती पुरती मोडली असेल. या तिन्हींत दुखणं जवळजवळ सारखंच असतं. साध्या एक्स-रेमध्ये बरगडीची चीर पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून एक्स-रेत काही नाही असं कळल्यावर "मग मला एवढं दुखतंय ते काय खोटं का?" असं रुग्ण चिडून विचारतो. दुखणं खोटं नसतं. पण डॉक्टर एक्स-रे मुख्यतः चीर शोधायला काढत नाहीत. फुफ्फुसाला भोक पडून बाहेर हवा साठली आहे का, रक्त साठलं आहे का, हे त्यांना पाहायचं असतं. ते नसेल तर एखादी बरगडी मोडली असो वा नसो, उपचार एकच असतो.

तो उपचार काय? छातीला पट्टा बांधणं हा तो उपचार नाही. पूर्वी डॉक्टरसुद्धा छातीला चिकटपट्ट्या लावत. आता ते सोडून दिलं आहे, आणि त्याला कारण आहे. पट्टा करकचून बांधला की दुखणं तात्पुरतं कमी वाटतं, पण फुफ्फुस पुरतं फुगत नाही. तळाचा भाग मिटलेला राहतो. खोकला दाबून धरला की कफ बाहेर पडत नाही. साचलेल्या पाण्यात जसे डास होतात, तसा साचलेल्या कफात जंतुसंसर्ग होतो आणि न्यूमोनिया उभा राहतो. आपल्या गोष्टीतल्या बाईला सहाव्या दिवशी ताप आला तो असा. बरगडी कदाचित आपोआप जुळली असती; तिला आजारी पाडलं ते अर्धवट श्वासानं.

म्हणून दुखण्यावरची गोळी ही चैन नाही, ती उपचाराचा भाग आहे. दुखणं कमी झालं तरच माणूस खोल श्वास घेतो आणि खोकतो. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळी घ्यावी. दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नये. मात्र दुकानातून आणलेल्या जोरकस वेदनाशामक गोळ्या रोज खाण्याची सवय वाईट. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं पोटात अल्सर करू शकतात आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका जास्त. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रुग्ण, दम्याचा रुग्ण यांनी ती स्वतःच्या मनानं घेऊच नयेत.

दुसरी गोष्ट श्वासाची. जागं असताना दर तासाला दहा वेळा सावकाश, जमेल तेवढा खोल श्वास घ्यावा, क्षणभर धरावा आणि सोडावा. खोकला आला तर दाबू नये. घडी केलेली चादर किंवा लहान उशी दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी घट्ट धरावी आणि खोकावं. दुखणं निम्म्यानं कमी जाणवतं. झोपताना पाठीमागे गोधड्या रचून थोडं उठून बसल्यासारखं झोपावं. दिवसभर पडून राहू नये, घरातल्या घरात फिरावं. बिडी-सिगारेट बंद. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळून बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवली तर बरं वाटतं. जोरात चोळणं, रगडणं, कुणाला पाठीवर पाय देऊन तुडवायला लावणं मात्र अजिबात नको. मोडलेल्या बरगडीचं टोक आत घुसू शकतं.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो, ही म्हण बरगडीला चपखल लागू पडते. हाड जुळायला सुमारे सहा आठवडे लागतात, आणि काहींना दुखणं तीन महिनेही रेंगाळतं. पण ते दर आठवड्याला थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर पुन्हा दाखवायला हवं. आणि या सहा आठवड्यांत डोक्यावर मोळी, पाण्याची घागर, सिमेंटचं पोतं घ्यायचं नाही.

ताबडतोब निघायचं केव्हा?

आता महत्त्वाचं. मार लागल्यावर पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी उद्यावर टाकू नका. बसल्या जागी दम लागतो, एका दमात आपल्या गावाचं, तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव सांगता येत नाही. घड्याळ लावून मोजलं तर श्वास मिनिटाला २५ च्या वर जातात. ओठ किंवा नखं निळसर पडली आहेत. थुंकीतून रक्त येतं. छातीचा एक भाग श्वास घेताना बाहेर येण्याऐवजी आत जातो. याचा अर्थ ओळीनं काही बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या आहेत. कातडीखाली हात फिरवला तर कुरकुर आवाज येतो. याचा अर्थ फुफ्फुसातली हवा बाहेर पडून कातडीखाली पसरली आहे. या सगळ्यांत वेळ मिनिटांत मोजायची असते.

खालच्या बरगड्यांचा मार वेगळा सांगायला हवा. डाव्या कुशीवर जोरात आपटलं तर आतली पानथरी फाटू शकते, उजव्या कुशीवर यकृत. हा रक्तस्राव बाहेर दिसत नाही. कधी लगेच होतो, तर कधी काही दिवसांनी. पोट दुखतं किंवा ताठर होतं, डाव्या खांद्याच्या टोकाला विनाकारण कळ येते, चक्कर येते, घाम सुटतो, माणूस पांढराफटक पडतो, नाडी जलद चालते, लघवी लाल होते. अशा माणसाला चहा-पाणी पाजत बसू नये. आडवं झोपवावं आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. हिवतापानं किंवा दुसऱ्या कारणानं आधीच पानथरी वाढलेली असेल तर थोड्या मारानंही ती फाटते.

पासष्टीच्या पुढचं माणूस, तीन किंवा अधिक बरगड्या मोडलेलं माणूस, दम्याचा किंवा हृदयाचा जुना रुग्ण आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारा, या चौघांना दिसायला बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. लहान मुलांचं उलट असतं. त्यांच्या बरगड्या लवचीक असतात, सहजासहजी मोडत नाहीत, पण मार सरळ आत फुफ्फुसाला लागतो. ट्रॉलीवरून पडलेल्या पोराचं हाड शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

मार लागलेलाच नाही, तरी दुखतंय

कित्येकदा कसलाही मार लागलेला नसतो आणि बरगडी दुखते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. ओझं उचलताना स्नायू ताणला जातो, ज्याला आपण उसण भरली म्हणतो. आठ-पंधरा दिवसांच्या खोकल्यानं बरगड्यांमधले स्नायू दुखतात. वयस्कर माणसाची बरगडी नुसत्या खोकल्यानंही चिरते. छातीच्या मधल्या हाडाशी बरगडी जिथे जोडलेली असते तिथली कूर्चा सुजते, आणि तिथे बोट ठेवलं की नेमकं दुखतं. ही दुखणी विश्रांतीनं आणि साध्या गोळीनं दोन-चार आठवड्यांत उतरतात.

पण साध्या दुखण्याच्या आड गंभीर दुखणं लपतं ते इथेच. त्यातलं सर्वांत मोठं हृदयविकाराचं. साधारण खूण अशी सांगतात की, एका बोटानं जागा दाखवता येते आणि दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा बरगडीचं किंवा स्नायूचं. आणि पंजा छातीवर ठेवून "इथं सगळीकडं दाबल्यासारखं, आवळल्यासारखं होतंय" असं माणूस सांगतो ते हृदयाचं असू शकतं. ही खूण मदतीला आहे, निकालाला नाही. दाबल्यावर दुखतं म्हणून हृदय ठीकच आहे असं कोणीही घरी बसून ठरवू नये. छातीतलं दडपण दहा-पंधरा मिनिटांत जात नाही, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, दरदरून घाम सुटतो, मळमळतं, जीव घाबरा होतो, तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. बायकांमध्ये आणि मधुमेही माणसांमध्ये छातीत न दुखता नुसता दम, थकवा, मळमळ एवढंच दिसू शकतं. अशा वेळी ईसीजी ही पहिली गरज. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा.

खोल श्वास घेतला की टोचतं, सोबत ताप आणि खोकला आहे, तर न्यूमोनिया किंवा फुफ्फुसाच्या आवरणाची सूज असू शकते. महिना-पंधरा दिवस बारीक ताप, संध्याकाळी घाम, वजन उतरणं आणि एका कुशीला दुखणं असेल तर क्षयरोगानं छातीत पाणी झालेलं असू शकतं. अशा माणसाला "बरगडी धरली" म्हणून चोळत बसलं तर महिने जातात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. २०१८ पासून रुग्णाला पोषण आहारासाठी दरमहा ५०० रुपये बँक खात्यात मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली.

अचानक दम लागला, श्वासाबरोबर टोचतंय आणि एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे, विशेषतः बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर, तर पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. हेही तातडीचं.

एका बाजूच्या बरगड्यांवर पट्ट्यासारखी आग होते, कपडा लागला तरी सहन होत नाही, बाहेर मात्र काहीच दिसत नाही, आणि दोन-चार दिवसांनी तिथे पाणीदार फोड उठतात. ही नागीण. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. तो खरा नाही. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत झोपलेला असतो, तो उतारवयात किंवा अशक्तपणात जागा होतो. त्यावर औषध आहे, पण ते फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण चांगला येतो. मंत्र-तंत्रात आणि लेप लावण्यात ते तीन दिवस निघून गेले, तर नंतर महिनोन्‌महिने आग होत राहू शकते.

याशिवाय उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येणं हे पित्ताशयातल्या खड्याचं, आणि पाठीमागच्या बरगडीखालून जांघेकडे जाणारी कळ हे मूतखड्याचं लक्षण असू शकतं. रात्री झोपेतून उठवणारं, दिवसेंदिवस वाढणारं बरगडीचं दुखणं आणि सोबत वजन कमी होणं, हेही तपासून घ्यायला हवं. कर्करोग हाडात पसरतो तेव्हा अशी सुरुवात होऊ शकते.

आणि तान्ह्या मुलाचं काय? ते बरगडी दुखते असं सांगत नाही. त्याची बरगडीच सांगते. थंडीत कोपीतल्या लेकराला सर्दी-खोकला झाला आणि श्वास घेताना त्याच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तो न्यूमोनिया आहे असं समजून निघायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर ते जलद श्वास आहेत. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावं. पोटावर डाग देणं हा त्यावरचा इलाज नाही.

हाडं ठिसूळ का होतात?

आपल्या जिल्ह्यातल्या बायकांबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यांत तिशी-चाळिशीतल्या कितीतरी होत्या.

याचा बरगडीशी संबंध काय? बाईची हाडं बळकट ठेवणारं संप्रेरक अंडाशयातून येतं. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचं वय गाठल्यासारखी शरीराची अवस्था त्याच दिवशी होते. अंडाशयं राखली तरी ती काहींच्या बाबतीत लवकर थकतात. मग चाळिशीतच हाडं साठीच्या बाईसारखी विरळ होऊ लागतात, आणि खोकल्यानं किंवा छोट्याशा धक्क्यानंही बरगडी चिरते. ज्या बहिणींची ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी कुशीत दुखत असेल तर डॉक्टरांना ती आवर्जून सांगावी. अंडाशयं काढली आहेत का, हे कागदावर पाहून घ्यावं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे इतर औषधं यांबद्दल विचारावं. तीळ, नाचणी, दूध-ताक, पालेभाजी हे ताटात असावं. आणि पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून गर्भाशय काढा असं कोणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

बिब्बा, पट्टा आणि खाडा

घरगुती उपायांना माझा सरसकट विरोध नाही. कोमट शेक, हळूच लावलेलं तेल यांनी दुखऱ्या स्नायूला आराम पडतो. पण बिब्बा घालू नका. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, आणि मूळ दुखणं आत तसंच राहतं. हाडवैद्याकडून बरगडी "बसवून" घेऊ नका. बरगडी बसवायची नसतेच. ती आपली आपण जुळते. गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन दुखणं थांबलं म्हणून लगेच फडात जाऊ नका. इंजेक्शननं दुखणं झाकलं जातं, बरगडी जुळत नाही.

दवाखान्यात गेल्यावर पाच गोष्टी सांगा. दुखणं कधी आणि कशानं सुरू झालं. नेमकं कुठे दुखतं. श्वास, खोकला, जेवण किंवा चालणं यांतल्या कशानं वाढतं. ताप, दम, रक्त यांपैकी काही आहे का. आणि आधीचे आजार, शस्त्रक्रिया, चालू गोळ्या कोणत्या. एवढं नीट सांगितलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करायला हरकत नाही. पुढे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यातल्या माणसासाठी म्हणूनच हे महाविद्यालय १९७० च्या दशकात उभं राहिलं. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती मोफत आहे आणि फडावरूनही बोलावता येते. ऊसतोडीला निघताना कपड्यांच्या गाठोड्यात आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुन्या तपासणीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवा. परक्या जिल्ह्यात हेच कागद उपयोगी पडतात.

शेवटची विनंती रुग्णांना नाही, त्यांच्या भोवतालच्या माणसांना आहे. मुकादम, ट्रकमालक, कारखान्याची माणसं आणि ज्यांच्या शेतात हा ऊस उभा असतो ते शेतकरी. मोळी घेऊन घसरलेली बाई "काही नाही झालं" असं म्हणते, तेव्हा ती खाड्याला घाबरून बोलत असते. तिच्या शब्दावर जाऊ नका, तिच्या श्वासाकडे पाहा. त्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं तर एखादा दिवस जाईल. सहाव्या दिवशी नेलं तर महिना जाईल, आणि क्वचित त्याहूनही मोठं काही जाईल. फळीवर पोतं अंथरणं, दवानं ओली झालेली फळी पुसून घेणं, अंधारात मोळ्या भरताना दिवा लावणं यांना फार पैसे लागत नाहीत.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलं. हाड मोडलं होतं का? समजा, मोडलं होतं. एक बरगडी, दीड महिन्यात जुळली असती. पण तिनं सहा दिवस श्वास दाबून धरला, पट्टा बांधला आणि मोळ्या वाहिल्या. आपल्याकडे दुखणं अंगावर काढणाऱ्याचं कौतुक होतं. बाई सोशीक असली की तिला चांगलं म्हणतात. बरगडीच्या बाबतीत तरी हे कौतुक आपण थांबवू या. कुणी कूस धरून बसलेलं दिसलं, तर "मोडलंय का?" हे नंतर विचारा. आधी म्हणा, "एक खोल श्वास घेऊन दाखव बरं." तो घेता आला नाही, तर निघायची वेळ झाली आहे.